चौथ्या वर्गाची निवडणूक आणि खरी शाई

लोकशाही शिकवायला सरकारने आम्हाला दीड पान दिलं होतं. चौथ्या वर्गाच्या पुस्तकातला शेवटून दुसरा धडा. अर्ध्या पानात महानगरपालिका म्हणजे काय, अर्ध्या पानात नगरसेवकाची कामं, आणि उरलेल्या जागेत मतदारांच्या रांगेचं चित्र. ती रांग इतकी सरळ होती की ती नागपूरची नाही हे पोट्ट्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. 'बाई, यात कोणी मधात घुसून नाही राहिलं,' असं एकाने मला उभं राहून सांगितलं. मी त्याला खाली बसवलं. शिकवताना अडचणीचं काही निघालं की आम्ही मुलांना खाली बसवत असू.

सत्तर सालानंतरचे ते दिवस. मी कॉर्पोरेशनच्या एका प्राथमिक शाळेत होते, गिरणीमागच्या वस्तीत. चार खोल्या, एक व्हरांडा आणि एक नळ, जो कधी आला तर बातमी व्हायची. मी तिशीची होते आणि त्या शाळेत अक्कल असलेली बाई एकटी मीच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती घालवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, कारण सगळी जादा कामं त्या समजुतीवरच माझ्याकडे यायची.

त्या वर्षी महानगरपालिकेची निवडणूक आली आणि तिच्या आधी एक परिपत्रक आलं. नागरिकशास्त्र प्रात्यक्षिकातून शिकवावं आणि निरीक्षक ते पाहायला येतील, असं त्यात होतं. आमच्या हेडमास्तरांची कामाची पद्धत साधी होती. परिपत्रक दोनदा वाचायचं, चष्मा पुसायचा आणि कागद माझ्या टेबलावर ठेवायचा. 'बाई, तुम्हाला याची हौस आहे,' ते म्हणाले. मला हौस आहे हे मला असंच कळत असे.

पण या खेपेला हौस खरंच चढली. मी ठरवलं, वर्गात अस्सल निवडणूक घ्यायची. सगळा वर्ग म्हणजे एक वॉर्ड धरला, त्यात तीन उमेदवार उभे केले. बिस्किटाच्या डब्याला वरून चीर पाडून मतपेटी झाली, अर्ध्या बटाट्यावर फुली कोरून शिक्का झाला. कोपऱ्यात माझी जुनी काळी चादर टांगली. चिन्हं मुलांनीच घेतली: संत्रं, भोवरा आणि पाटी.

मी त्यांना मोठ्या गंभीरपणे सांगितलं की उमेदवाराने आपण काय काम करणार ते सांगायचं, आणि मतदाराने विचार करून, कोणाचंही न ऐकता मत द्यायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी भोवरेवाला, म्हणजे किराणा दुकानदाराचा मुलगा, खिसे भरून शेंगदाणे घेऊन आला आणि मधल्या सुटीत त्याने ते विचारपूर्वक वाटले. संत्रेवाला वर्गाचा मॉनिटर होता. त्याने वाटलं काहीच नाही. गोंगाट करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम आपल्याकडे आहे, एवढं फक्त दोघातिघांच्या कानावर घातलं. राहिली पाटीवाली. ती उठून म्हणाली की निवडून आले तर मुलींच्या संडासाला कडी लावून घेईन. एवढं एकच ती बोलली आणि खाली बसली. वर्ग हसला. ती हरणार हे मला तिथेच कळलं. पोट्ट्यांना निवडणूक आधीच येत होती. मी उगीच शिकवत होते.

आता मावशीचं सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

मावशी आमच्या शाळेची चपराशीण. घंटा वाजवणं, झाडणं, माठ भरणं आणि हेडमास्तरांचा चहा, हे सगळं तिचं. पंचेचाळिशीची, काटक, बोलायला तुटक. नवरा गिरणीत होता, तो वारला तेव्हापासून ती शाळेत. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती सासूचा हात धरून मैदानापर्यंत चालत गेली होती, हे ती कधीमधी सांगायची. तिचा नवरा दर निवडणुकीला धुतलेले पांढरे कपडे घालून, उपाशीपोटी मत द्यायला जायचा. पूजेला जावं तसा. तो होता तोवर तिला घर सुटलं नाही, आणि त्याच्यामागेही तिने एकदाही मत दिलं नव्हतं.

नंतरचं कारण ऐकण्यासारखं आहे. शाळा म्हणजे मतदान केंद्र, आणि मावशी म्हणजे शाळा. त्यामुळे प्रत्येक मतदानाच्या दिवशी ती सकाळी सहापासून केंद्रावर हजर असायची, येणाऱ्या साहेबांना पाणी पाजायला. आणि मतदारयादीत ती मयत होती. नवऱ्याचं नाव कापताना कोणीतरी उदार मनाने तिचंही कापलं होतं. मेलेली बाई रोज साडेदहाला घंटा वाजवायची, आणि तिचा पगार देताना सरकारला शंका येत नव्हती. ती शंका फक्त मताच्या वेळी यायची.

हे कळल्यावर माझा संताप झाला. मला संताप यायला वेळ लागत नसे. मी स्वतः तिचा अर्ज लिहिला, दोन चकरा मारल्या, कारकुनाशी भांडले आणि त्या वर्षी यादीत तिचं नाव लागलं. याच शाळेतल्या केंद्रावर. यादी मी तिला बोट ठेवून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या जागेवर स्वतःचं बोट ठेवलं आणि विचारलं, इथंच आहे का नक्की? मी हो म्हटलं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, ते किती वाटलं हे आता सांगायची लाज वाटते.

त्यानंतर मावशीला एकच काळजी लागली. शिक्का चुकला तर? कागद उलटा घडी झाला तर? रोज झाडताना ती मला एकेक शंका विचारायची. मग मलाच युक्ती सुचली. आमच्या वर्गाच्या निवडणुकीतच तिने सराव करावा. पोरांच्या रांगेत उभं राहावं, चिठ्ठी घ्यावी, शिक्का मारावा, पेटीत टाकावं.

आणि अस्सलपणाची हौस मला इतकी होती की मी शाईसुद्धा अस्सल आणली. मागच्या विधानसभेला माझी ड्युटी बोटाला शाई लावायची होती. संध्याकाळी सामान परत करताना एक अर्धी बाटली माझ्या पर्समध्येच राहून गेली. सगळं सामान परत केलं, अशी सही मी आधीच ठोकलेली होती. सही आधी आणि सामान मागाहून, ही आमच्याकडची रीतच होती. मग परत कोण जाणार? बाटली घरी कपाटात पडून होती. इतक्या दिवसांत तिचा जोर गेला असेल, असं मी धरून चालले. वर्गात बाटली काढली तेव्हा मुलांचे डोळे चमकले.

मतदान झकास झालं. निरीक्षक खुर्चीत बसून पाहत होते. मी एकेकाच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई लावत होते. मावशी रांगेत शेवटी उभी होती, पदर नीट घेऊन, पुढच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या मागे. तिने बोट पुढे केलं, मी शाई लावली. ती चादरीमागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आल्यावर पोरांनी गलका केला, मावशी कोणाले देलं, कोणाले देलं. ती म्हणाली, 'सांगत नसतेत. गुप्त राह्यते नं, बाई?' सगळ्या वर्गात माझा धडा एकटीने ऐकला होता, ती ही.

मग मी गमतीने निरीक्षकांपुढे बाटली धरली. त्यांनी झटकन हात खिशात घातला. 'मला नको बाप्पा, मला नऊ दिवसांनी खरं मत द्यायचं आहे,' ते म्हणाले. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

भोवरा निवडून आला, हे सांगायला नकोच. पाटीला चार मतं पडली.

चार-पाच दिवसांनी मावशी बोट घेऊन माझ्याकडे आली. शाई आधी जांभळी होती, ती आता काळी कुळकुळीत झाली होती. 'बाई, हे जाऊन नाही राह्यलं,' ती म्हणाली. मी पेपर तपासत होते. वर न बघता म्हटलं, राखेने घासा, जाईल. तिने राखेने घासलं, मग विटकरीच्या तुकड्याने घासलं. शाई तिथेच राहिली, कातडं सोलून निघालं. मी पुन्हा विचारलं नाही. निरीक्षकांचा अहवाल फार चांगला आला होता आणि मी त्या नादात होते.

मतदानाच्या दिवशी माझी ड्युटी दुसरीकडे होती. पण आमच्या शाळेच्या केंद्रावरच्या बाई आजारी पडल्या आणि बायकांच्या रांगेला बाई पाहिजे, म्हणून सकाळीच मला तिकडे पाठवलं. काम तेच, मतदाराचं बोट तपासून शाई लावायची. केंद्राध्यक्ष पाटबंधारे खात्यातले गृहस्थ होते. नियमांचं पुस्तक त्यांनी मांडीवर उघडं ठेवलं होतं, पंगतीत पान वाढून घ्यावं तसं. भिंतीशी उमेदवारांचे दोन प्रतिनिधी होते. सकाळपासून त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, पंखा चालू ठेवावा की नाही यावरसुद्धा.

मावशीने साहेबांना पाणी दिलं, माठ भरला, आणि दहाच्या सुमारास हेडमास्तरांना सांगून रांगेत उभी राहिली. पांढरं पातळ नेसली होती. मागेपुढे तिच्याच गल्लीतल्या बायका होत्या. पहिल्या टेबलावर तिचं नाव मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा तिने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती माझ्यासमोर आली आणि हसून बोट पुढे केलं, सरावात केलं होतं तसंच.

त्यावर माझीच शाई होती. मी काही बोलायच्या आत भिंतीशी बसलेला एकजण उठला. 'साहेब, ये तो बोगस है. मत देऊन आली आहे.' दुसऱ्याने वाकून पाहिलं आणि दुजोरा दिला, शिवाय घासून आली आहे म्हणाला, कातडं बघा. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं एकमत. केंद्राध्यक्षांनी पुस्तक चाळलं. बोटावर खूण असेल तर मतपत्रिका देता येत नाही, आणि खूण काढायचा प्रयत्न केला असेल तर नाहीच नाही. त्यांनी मावशीला विचारलं, कुठे मत दिलं आधी?

मावशी घाबरली नाही. तिला ते सगळं सोपं वाटत होतं, कारण उत्तर समोरच बसलं होतं. 'मी कुठीच नाही देलं, साहेब. याच बाईनं लावली शाई, पोट्ट्यायच्या इलेक्शनमंधी. विचारा त्याह्यले.'

केंद्राध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांनी ती खरं बोलते का, हे विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आले आहे. पण ते नियमांचे माणूस. त्यांनी विचारलं, 'बाई, शाळेत सरकारी शाई कुठून आली?'

एका क्षणात मला ती सही दिसली, चौकशी दिसली, नोकरीवरून काढल्याचा कागद दिसला. हेडमास्तर दारातच उभे होते. मी म्हटलं, 'सरकारी नव्हती. आम्ही दौतीतली साधी शाई वापरली होती.'

झालं. मी शिक्षिका, माझ्यावर अविश्वास दाखवायचं कोणाला कारण नव्हतं. साधी शाई नऊ दिवस टिकत नाही, म्हणजे ही दुसरीकडची, म्हणजे मावशी खोटी. केंद्राध्यक्ष तसे भले गृहस्थ. पोलिसात देत नाही, जा, म्हणाले. रांगेतली एक बाई हसली. मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता असं नाही. माझं उत्तर संपलेलं नाही, आणखी पुढे काहीतरी येईल, अशी ती थांबली होती. मी पुढच्या बाईचं बोट हातात घेतलं.

आणि गंमत अशी की खरा पुरावा त्या वेळी बेचाळीस बोटांवर शाळेच्या फाटकाबाहेर गोट्या खेळत होता. एका पोट्ट्याला आत बोलावून त्याचं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. ते कोणाला सुचलं नाही, आणि ज्या एकटीला सुचलं ती शाई लावण्यात मग्न होती.

मावशी घरी जाऊ शकत नव्हती. तिची ड्युटी पाचपर्यंत होती. त्या पांढऱ्या पातळात ती दिवसभर केंद्रावर पाणी देत राहिली. केंद्राध्यक्षांना दिलं, त्या दोघांना दिलं, मलाही दिलं. मी प्याले. कडक ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाटीवाली उभी राहिली. तिची आई रांगेत होती. 'बाई, तुम्ही तं खरी शाई लावली होती,' ती म्हणाली आणि बोट वर केलं. तिचं पाहून इतरांनीही केलं. मी सगळ्यांना हात खाली घ्यायला लावले आणि गणिताची पुस्तकं काढायला सांगितली. ती पोर मात्र उभीच राहिली. मग तिला मी वर्गाबाहेर काढलं.

मधल्या सुटीत मावशी माझ्याजवळ आली. मी तयारीत होते, काय काय बोलायचं ते रात्रभर जुळवून ठेवलं होतं. तिने काहीच ऐकून घेतलं नाही. 'मत गेलं तं गेलं, बाई. नोकरी मलेबी समजते. पण गल्लीतल्या बाया मले बोगस म्हणून राह्यल्या. तुमी फक्त हेडमास्तरले सांगा का मी खोटं नाही बोलली. ते सांगतीन बाकीच्याह्यले.' मी म्हटलं, सांगते.

त्या आठवड्यात हेडमास्तरांनी मला दोनदा बोलावलं. एकदा अहवालाची प्रत द्यायला, त्यात आमच्या निवडणुकीचा 'अनुकरणीय उपक्रम' असा उल्लेख होता. आणि एकदा, दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांपुढे लोकशाही शिक्षणावर माझं भाषण ठेवलं आहे, हे सांगायला. दोन्ही वेळा विषय काढता आला असता. मी भाषण केलं. एका मताचं मोल या मुद्द्यावर टाळ्यासुद्धा पडल्या. मावशीने मला पुन्हा कधी विचारलं नाही. चहा आणून द्यायची, घंटा वाजवायची, आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची.

पुढे दोन-तीन वर्षांनी पुन्हा मतदान आलं. मधल्या काळात मावशी नोकरीतून सुटली होती. बायकांच्या रांगेला बाई मिळत नाही ही अडचण मात्र कायम होती, त्यामुळे त्याच शाळेत, त्याच खोलीत, मी शाईची बाटली घेऊन बसले होते. दुपारी मावशी आली. पांढरंच पातळ. दारात पाऊल ठेवताच तिने डावा हात वर केला आणि बोट सगळ्यांना दाखवलं. आधी दारातल्या पोलिसाला, मग केंद्राध्यक्षांना, मग भिंतीशी बसलेल्या प्रतिनिधींना, एकेकाच्या जवळ जाऊन. 'पाहून घ्या, काहीच नाही लागलं,' असं ती प्रत्येकाला म्हणत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. केंद्राध्यक्ष नवीन होते, त्यांना ती बाई जरा चमत्कारिक वाटली असावी.

मग ती माझ्या टेबलापाशी आली. मला बोट दाखवलं नाही. हात टेबलावर ठेवला आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, 'हे खरं इलेक्शन आहे नं, बाई?'

मी हो म्हटलं. एवढी वर्षं त्या शाळेत घालवून तिच्या बाजूने मी तेवढंच बोलले.